खाडाखोडीवरची लघुस्वाक्षरी

महसूल खात्याच्या एका कचेरीत बत्तीस वर्षे दफ्तर सांभाळण्यात गेल्यामुळे एक शिस्त माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि ती अशी की नोंदवहीत चुकीचा पडलेला आकडा ब्लेडने खरवडून काढायचा नाही, त्यावर पांढरा रंग फासायचा नाही, त्याच्याच अंगावर दुसरा आकडा गिरवून त्याला ओळखू येईनासा करायचा नाही; त्याच्या मधून एक सरळ, बारीक रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशा बेताने ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली लघुस्वाक्षरी करायची. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक कारकुनाला मी हे समजावून सांगत असे, तेव्हा त्यामागे लबाडीला आळा घालण्याचा हेतू आहे एवढेच मलाही ठाऊक होते. चुकलेला आकडा हाही त्या दिवसाच्या दफ्तरातला एक खरा दस्तऐवज आहे, आणि तो नाहीसा करण्याचा अधिकार खुद्द चूक करणाऱ्यालाही नाही, हा त्या नियमाचा दुसरा अर्थ मला कळला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यानंतर, अकोल्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, एका लिबलिबीत वडीपाशी.

जिला जेल प्लेट म्हणतात ती वस्तू दिसायला पारदर्शक खरवसाच्या वडीसारखी, बोटभर जाडीची, हाताला गार आणि किंचित चिकट लागणारी, दाबली असता दबणारी आणि सोडताच पूर्ववत होणारी असते. तिच्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन-चार थेंब टाकावेत, रबरी रोलरने ते पातळ पसरावेत, त्या ओल्या रंगावर एखादे पान, जाळीचा तुकडा, दोरा किंवा कातरलेला कागद ठेवावा, वर कोरा कागद अंथरून तो तळहाताने सर्वत्र सारखा चोळावा आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढावा, एवढीच तिची सारी कृती. यंत्र नको, दाब देणारा लोखंडी छापा नको, लाकडात किंवा धातूत कोरण्याचे कष्ट नकोत. मात्र लाकडी ठशावरून जशा एकसारख्या प्रती एकामागून एक निघत राहतात, तशी सोय येथे नाही. रंग एकदा कागदावर गेला की वडी बहुतांशी रिती होते, आणि तोच ठसा जसाच्या तसा पुन्हा निघत नाही. म्हणूनच या जातीच्या छपाईला मोनोप्रिंट, म्हणजे एकुलता एक ठसा, असे नाव पडले.

बाजारात मिळणारी वडी कृत्रिम द्रव्याची असते आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. परंतु तिची किंमत पाहून माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईने घरीच वडी करण्याचे मनावर घ्यावे हे स्वाभाविक होते. ग्लिसरीन आणि पाणी समभाग घ्यायचे, त्यात जिलेटिनची पूड भिजवायची, मंद आचेवर ती विरघळवायची आणि मिश्रण सपाट ताटात ओतायचे. ओतताना जो फेस वर येतो तो कागदाच्या पट्टीने एका कडेला ओढून घ्यावा लागतो. पहिल्या खेपेस ती पट्टी मी उशिरा ओढली, मिश्रण तोवर धरू लागले होते, आणि परिणामी वडीच्या एका कोपऱ्यात राईएवढ्या बुडबुड्यांची रांग कायमची गोठून राहिली. त्या वडीवरून काढलेल्या प्रत्येक ठशात त्या जागी पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ उमटू लागली. पहिले आठ-पंधरा दिवस ती माझ्या डोळ्यांत खुपत होती. मग एकदा सहज त्या कोपऱ्यात गडद निळा रंग पसरला गेला, ठिपके आभाळातल्या चांदण्यांसारखे दिसले, आणि त्या दिवसापासून तो कोपरा मी आकाशासाठी राखून ठेवू लागले. पुढे वैशाख आला. जिलेटिनचा धर्मच असा की माणसाच्या अंगाच्या उष्णतेच्या आसपास ते पाघळू लागते, आणि अकोल्याचा वैशाख त्याहून कितीतरी वर चढतो. एका दुपारी वडीचा आकार मोडला आणि तिचा रस ताटभर पसरला. वाया मात्र काही गेले नाही, कारण हे मिश्रण पुन्हा आचेवर वितळवून पुन्हा ओतता येते. या वेळी मी पट्टी वेळेवर ओढली आणि वडी आरशासारखी नितळ झाली. पहिला निळा ठसा काढला तेव्हा त्यात चांदण्या नव्हत्या, आणि मला चुटपुट लागली.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होत असल्यामुळे ज्या घरांत ते चालत नाही, तेथे चायना ग्रासची वडी करून पाहायला हरकत नाही. ती वैशाखातही पाघळत नाही. मात्र ती जास्त ठिसूळ असते आणि जरा वाकवली की तडकते. तशी तडकलेली वडी मी एका शेजारणीकडे पाहिली आहे, आणि तिच्यावरून निघणाऱ्या ठशात ती तड कोरड्या नदीच्या पात्रासारखी आरपार उमटते. शेजारीण ती वडी टाकून द्यायला तयार नाही.

कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला या मिश्रणाचा आणखी एक जुना संबंध सांगितल्यावाचून राहवत नाही. सायक्लोस्टाइल सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य देशांतील कचेऱ्यांमध्ये नकला काढण्यासाठी हेक्टोग्राफ नावाचे एक साधन प्रचारात आले होते. ताटातील जिलेटिन आणि ग्लिसरीनच्या थरावर अ‍ॅनिलिनच्या शाईने लिहिलेला मूळ मसुदा पालथा दाबायचा, शाई थरात उतरली की त्यावर एकामागून एक कोरे कागद दाबायचे आणि उचलायचे. हेक्टो म्हणजे शंभर. शंभर नकलांची हमी नावातच होती, परंतु दर नकलेगणिक अक्षर फिके होत जाई, आणि शेवटच्या नकला ज्यांच्या वाट्याला येत त्यांना मजकूर अंदाजाने लावावा लागे. हे फिके होत जाणे कचेरीच्या दृष्टीने दोष होता, आणि कचेरीच्या दृष्टीने तो असायलाच हवा होता. त्याच मिश्रणाच्या वडीवर आज जी माणसे चित्रे छापतात, त्यांना मात्र त्या फिकेपणातच सर्वांत मोठा लाभ होतो.

मला तो कसा झाला ते सविस्तर सांगते. अंगणातल्या पिंपळाचे एक कोवळे पान मी गेरूसारख्या तांबड्या रंगावर, शिरांची बाजू खाली करून, ठेवले आणि वर कागद चोळला. अपेक्षा अशी की पानाची सारी नक्षी, मधली शीर, तिच्यापासून फुटलेल्या उपशिरा, शेवटचे ते लांब शेपूट, सर्व काही कागदावर उतरेल. कागद सोलला तेव्हा तांबड्या भूमीवर पानाच्या आकाराची नुसती कोरी जागा होती. एखाद्याने कात्रीने पान कापून नेल्यासारखी. मी तो कागद रद्दीच्या ढिगावर टाकला आणि वडी धुण्यासाठी पान उचलले. उचलले आणि हात थांबला, कारण पानाने जो रंग स्वतःखाली झाकून ठेवला होता त्यात शिरन् शीर दिसत होती: जेथे फुगीर शिरा टेकल्या होत्या तेथील रंग पानाबरोबर उठून गेला होता, आणि दोन शिरांच्या मधल्या खोलगट जागी तो तसाच राहिला होता. जवळ कोरा कागद नव्हता आणि रंग तर वाळत चालला होता. हाताला लागला तो दूरध्वनीच्या जुन्या देयकाचा पाठकोरा कागद, तोच वर घातला आणि जिवाच्या करारावर चोळला. त्या पाठकोऱ्यावर पिंपळाचे पान असे उतरले की त्याच्या जाळीत बोट घालावे. पहिल्या ठशानंतर वडीवर जो उरलासुरला रंग राहतो, त्याच्या या दुसऱ्या ठशाला हे काम करणारे घोस्ट प्रिंट म्हणतात. मला ते भुताचे नाव आवडत नाही. पहिल्या ठशात पानाने जागा अडवून धरली होती आणि दुसऱ्यात ते स्वतः आले. पहिला ‘चुकला’ नसता तर दुसऱ्याला जागाच नव्हती.

उरलेल्या रंगाची ही किंमत चित्रकारांनी फार पूर्वी ओळखलेली आहे. धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर शाईने चित्र काढून त्याचा एकच ठसा घेण्याची रीत जेनोआचा चित्रकार जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने याने १७व्या शतकाच्या मध्यास चालू केली असे मानतात. पण त्या रीतीत जीव ओतला तो पॅरिसच्या एदगार देगाने. १८७६च्या सुमारास लपिक नावाच्या आपल्या मित्राच्या साहाय्याने त्याने आपला पहिला मोनोटाइप काढला, आणि त्या ठशावर दोघांच्याही सह्या आहेत. पुढे त्याने असे शेकडो ठसे काढले. सबंध पत्रा काळ्या शाईने माखायचा आणि चिंधीने, कुंचल्याच्या दांड्याने, प्रसंगी बोटांनी ती शाई पुसत पुसत अंधारातून उजेड बाहेर काढायचा, अशी त्याची एक पद्धत होती, आणि काही ठशांवर त्याच्या बोटांचे वळसे आजही स्पष्ट दिसतात. एक ठसा निघाल्यावर इतर कोणीही पत्रा पुसून ठेवला असता. देगा त्याच पत्र्यावर दुसरा कागद दाबी, त्यावर जी फिकट, पुसट सावली येई ती पायाभूत धरी आणि तिच्यावर पेस्टलचे रंग चढवी. त्याच्या ज्या नर्तकी रंगमंचाच्या दिव्यांत उजळलेल्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणींच्या अंगाखाली अशा दुसऱ्या, निस्तेज ठशाची करडी भूमी आहे. ज्या कागदाला छापखान्यात ‘खराब प्रत’ असा शेरा मिळाला असता, तो त्याने मुद्दलासारखा जपून वापरला.

आपल्याकडे, नागपुरास १९२४ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे यांनी कुंचला बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी तैलरंगाचे थर चढवले व उतरवले, हेही येथे आठवते. त्यांची कला या ओट्यावरच्या छंदाहून फार उंचावर उभी आहे. परंतु रोलर हाती घेतलेल्या माणसाने त्यांची चित्रे जरूर पाहावीत, म्हणजे रंग लावणे आणि रंग काढून घेणे ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत हे डोळ्यांना कळते.

आता कोणी असे म्हणेल की तुमच्या या छापकामात सगळेच गोड मानून घ्यायचे, तर मग शिकायचे काय उरले? ही हरकत रास्त आहे, आणि तिला बगल देणे मला पसंत नाही. चूक गोड मानणे आणि चुकीकडे काणाडोळा करणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रंग जाड पसरला की तो स्टेन्सिलच्या कडांखाली घुसतो आणि नक्षी बरबटते. फार पातळ पसरला की कागद घालण्यापूर्वीच वाळतो, विशेषतः आमच्या वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात, जेथे पंख्याखाली तर दोन मिनिटांचाही अवधी मिळत नाही. श्रावणात हाच रंग ओलाच राहतो आणि घाईने घातलेला कागद घसरून दुहेरी ठसा उमटतो. ज्याला यांतले कारण ठाऊक नाही त्याची चूक केवळ अपघात असतो आणि ती उद्या पुन्हा तशीच होईल. ज्याला कारण कळले त्याच्या हाती तीच चूक हत्यार होऊन येते, आणि मग तो हवी तेव्हा नक्षी बरबटवतो, हवा तेव्हा कागद घसरवतो. म्हणून प्रत्येक बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर मी पेन्सिलीने कैफियत लिहून ठेवते: तारीख, रंग, हवा कोरडी की दमट, आणि काय करायला गेले असता काय झाले.

सर्वांत हताश करणारा प्रसंग म्हणजे रंग वडीवरच वाळून जाणे. कागद उचलावा तर तो कोराच्या कोरा, आणि वडीवर वाळलेल्या रंगाचे तुटक थर. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मी ते घासून काढायला बसले. नंतर कळले की अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, तो वडीला कायमचा धरून राहत नाही, आणि ओल्या रंगाशी मात्र त्याचे चटकन जुळते. तेव्हा त्या वाळलेल्या तुकड्यांवर दुसऱ्या एखाद्या रंगाचा, समजा हळदीसारख्या पिवळ्याचा, पातळ हात द्यायचा, कागद घालायचा आणि या वेळी न उचलता धीर धरायचा. पिवळा वाळता वाळता खालच्या साऱ्या थरांना कवेत घेतो. मग कागद सोलला की चार दिवसांत फसलेल्या चार ठशांचे अवशेष, तांबडे, निळे, करडे, एकाच कागदावर एकमेकांत गुंतून वर येतात. जुन्या वाड्याच्या भिंतीचा गिलावा पडावा आणि मागच्या पिढ्यांनी दिलेले रंगाचे हात एकाखाली एक दिसावेत, तसे ते दिसते. असा कागद ठरवून करता येत नाही. त्यासाठी आधी चार वेळा फसावेच लागते.

हे कागद ठेवायचे कोठे, तर चित्ररोजनिशीत, जिला हल्ली आर्ट जर्नल म्हणतात. एका जाड पानांच्या वहीत छापलेले कागद चिकटवावेत, त्यांवर रेघोट्या ओढाव्यात, तिकिटे, चिठ्ठ्या, वाळलेली फुले लावावीत, दोन ओळी लिहाव्यात. ती कोणाला दाखवायची नसते आणि प्रदर्शनात मांडायची नसते. माझ्या शाळेतले एक चित्रकलेचे शिक्षक वहीतले बिघडलेले पान सर्वांसमोर फाडून टेबलाखालच्या टोपलीत टाकीत, आणि ग्रेड परीक्षेच्या वर्षी माझ्या वहीची निम्मी पाने त्या टोपलीत गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, स्वच्छ काम व्हावे एवढाच होता. पण त्यानंतर चाळीस वर्षे मी कुंचला हातात धरला नाही. शिवाय त्या वेळी मला जे कळत नव्हते ते पुढे दफ्तरातील जुन्या वह्या हाताळताना कळले, की जुजबंदी केलेल्या वहीतले एकच पान कधी फाडता येत नाही. प्रत्येक पान मधल्या शिवणीतून पलीकडे जाऊन दुसरे पान झालेले असते. या बाजूचे फाडले की त्या बाजूचे जोडपान सैल होते आणि काही दिवसांनी आपोआप गळून हाती येते, मग त्यावर कितीही सुंदर चित्र असो.

रवींद्रनाथ ठाकुरांची गोष्ट या संदर्भात मला फार मोलाची वाटते. त्यांच्या हस्तलिखितांत जेथे जेथे शब्द खोडले जात, तेथे तेथे ती खोडलेली जागा त्यांना अस्वस्थ करी, आणि एक खोड दुसऱ्या खोडीला रेघेने जोडता जोडता पानावर पक्षी, सर्प, कोणी अनोळखी प्राणी आकार घेऊ लागत. १९२४ साली दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात ते आजारी पडले आणि ब्वेनोस आइरेसजवळच्या सान इसिद्रो येथे व्हिक्तोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या आतिथ्यात राहिले. ‘पूरबी’ या संग्रहातील कविता लिहीत असताना त्यांच्या वहीतली ही खाडाखोड त्या बाईंच्या नजरेस पडली, आणि कवितेच्या मसुद्यांतून चित्र जन्माला येत आहे हे त्यांनी ओळखले. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा त्याच्या खटपटीतही त्या होत्या. ज्या माणसाने साठी ओलांडल्यावर दोन हजारांहून अधिक चित्रे काढली, त्याच्या चित्रकलेचे मूळ खोडलेल्या शब्दांत आहे! आणि खोडलेला शब्द लपवायचा एक सोपा मार्ग त्यांच्याजवळ होता: पान नव्याने स्वच्छ लिहून काढणे. हस्ताक्षर तर इतके देखणे होते.

मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिदा कालोने आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत जी रोजनिशी लिहिली, तिच्यातही शाईचे डाग आहेत. एखाद्या डागाला तिने डोळे दिले, एखाद्याला पाय फोडले, आणि तो डाग पानावर वस्तीला आला. १९५३ साली तिचा उजवा पाय कापावा लागला, त्या दिवसांची पानेही तिने फाडली नाहीत.

गेल्या आषाढात मी चिपळूणला मुलीकडे गेले, तेव्हा माझी वही सोबत नेली होती. कोकणच्या त्या ओल्या हवेत अ‍ॅक्रिलिकने रंगवलेली समोरासमोरची दोन पाने एकमेकांना अशी चिकटली की सुटेनात. असे होऊ नये म्हणून मध्ये मेणकागद घालायचा असतो, तो मी घातला नव्हता. नातीने उत्साहाने ती ओढून वेगळी केली. एका पानावर मी मोठ्या खटाटोपाने छापलेला करंजाच्या पानांचा वेल होता; त्याचा मधला वीतभर भाग सालपटासारखा निघून समोरच्या पानावर जाऊन बसला, उलटा, आणि ज्या जागेवरून तो गेला तेथे कागदाचे पांढरे अस्तर उघडे पडले. पोर रडवेली झाली. मी तिला जवळ बसवून चष्मा लावला, दोघींनी दोन्ही पाने उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. डावीकडे वेलाचे टोक आणि बुंधा, उजवीकडे मधली पाने, आणि दोहोंमध्ये वहीची शिवण. तिने विचारले, आजी, आता याला नीट करायचे का? मी तिच्या हाती बारीक टोकाचे काळे पेन दिले आणि फाटलेल्या जागेच्या कडेने एक रेघ ओढायला सांगितली, खालचे अस्तर झाकले जाणार नाही अशी. तिने ती जीभ दातांत धरून ओढली. मग मी तारीख घातली, ‘चिपळूण, पाऊस’ एवढे लिहिले, आणि बाजूला आधी तिची, तिच्याखाली माझी, अशा दोन लघुस्वाक्षऱ्या केल्या.